ट्रॉली घाटातून बाहेर आली, तरी गप्प का?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी काही वर्षं मेंटेनन्सला होतो. फर्नेसपासून मशीन शॉपपर्यंत कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, वाहून नेणारी बॅटरीवरची एक ट्रॉली तिथे होती. मोटरचं तापमान, बॅटरीचा व्होल्टेज आणि ट्रॉली कुठल्या खांबाजवळ आहे, एवढी माहिती दर सेकंदाला कंट्रोल रूमच्या पडद्यावर यायची. म्हणजे यायला हवी होती. दोन उंच रॅकमधल्या गल्लीत ट्रॉली शिरली की पडदा गप्प व्हायचा. ऑपरेटर मंडळींनी त्या गल्लीचं नाव ‘कसारा घाट’ ठेवलं होतं. इगतपुरी सोडली की फोनची रेंज जाते, तसंच हे. “साहेब, ट्रॉली घाटात गेली,” असा फोन यायचा आणि आम्ही वाट बघत बसायचो.

घाटात रेंज जाते हे कुणालाही पटेल. दोन्ही बाजूंना लोखंडाने भरलेले बिन असल्यावर दुसरं काय होणार? मला छळायची ती पुढची गोष्ट. गल्ली संपायची, ट्रॉली मोकळ्यावर यायची, तिच्या आसपासच्या खांबांवर तीन रेडिओ पेट्या असायच्या आणि तरीही पडदा आणखी अर्धा मिनिट गप्पच राहायचा. सिग्नल होता, पेट्या चालू होत्या, पण निरोप पोचत नव्हता. या लेखात त्या अर्ध्या मिनिटाचीच गोष्ट सांगायची आहे, कारण हलणाऱ्या यंत्रांच्या वायरलेस जाळ्याची जवळजवळ सगळी अडचण त्याच्यात सापडते.

आधी जाळं म्हणजे काय ते बघू. कारखान्यात बेअरिंगची थरथर, टाकीतली पातळी, भट्टीचं तापमान असं मोजणाऱ्या सेन्सरला छोटा रेडिओ जोडतात. या पेटीला नोड म्हणतात. असे बरेच नोड ज्या रेडिओ पद्धतीने बोलतात तिचं नाव आयट्रिपलई ८०२.१५.४, आणि ती २००३ साली ठरली. तिचा वेग सेकंदाला २५० किलोबिट आणि एका निरोपाची लांबी जास्तीत जास्त १२७ बाइट. संगणकात देवनागरीच्या एका चिन्हाला सहसा तीन बाइट लागतात, म्हणजे काना-मात्रा धरून फार तर ४२ चिन्हं मावतील. ‘ट्रॉली घाटात गेली’ एवढं सांगता येईल, का गेली ते नाही. त्यातही बरीच जागा पत्त्यांमध्येच जाते.

रेडिओची ताकद बेताची असते. बॅटरी वर्षानुवर्षं पुरवायची तर मोठ्याने ओरडून चालत नाही. म्हणून लांबचा नोड थेट गेटवेशी, म्हणजे वायरने कंट्रोल रूमला जोडलेल्या मुख्य पेटीशी बोलत नाही. तो शेजारच्याला निरोप देतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला. निफाडकडच्या गावातली आई नाशिकला शिकणाऱ्या मुलाला एसटीने डबा पाठवते, तसंच हे. गावातून तालुक्याला, तिथे दुसऱ्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती आणि मग नाशिकच्या सीबीएस स्टँडला. यातल्या प्रत्येक हातबदलाला हॉप म्हणतात आणि कुठला निरोप कुणाच्या हाती द्यायचा हे ठरवणं म्हणजे राउटिंग.

हातबदलाचा हिशोब वाटतो त्यापेक्षा कडक असतो. एका हॉपवर दहापैकी नऊ निरोप पोचतात म्हटलं की ठीक वाटतं. पण चार हॉप झाले की ०.९ चा चारदा गुणाकार होतो आणि शंभरातले जेमतेम ६६ पोचतात. म्हणून प्रत्येक हॉपवर पोचपावती घेतात आणि ती आली नाही तर निरोप पुन्हा पाठवतात. प्रत्येक हॉपवर तीन प्रयत्न दिले आणि प्रत्येक प्रयत्नाचं नशीब वेगळं असलं, तर तेच चार हॉप ९९.६ टक्क्यांवर जातात. आता या वाक्यातल्या ‘नशीब वेगळं’कडे लक्ष द्या. ट्रॉली लोखंडी रॅकच्या आड असताना पहिला प्रयत्न ज्या कारणाने फसला, त्याच कारणाने दुसरा आणि तिसराही फसतो. तिथे हा गुणाकार कागदावरच राहतो.

लोखंडाचं आणखी एक लचांड आहे. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटीमीटर असते. कारखान्यात ही लहर प्रेस, क्रेनचा गर्डर, पत्र्याचं छत अशा दहा ठिकाणी आपटून रिसीव्हरला पोचते. त्या सगळ्या लहरींचे चढ एका जागी जुळले तर सिग्नल दणदणीत येतो. एकीचा चढ आणि दुसरीचा उतार जुळला तर दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. चांगली जागा आणि वाईट जागा यांत अंतर किती? अर्धी लहर किंवा त्याहूनही कमी, म्हणजे सहा सेंटीमीटरच्या आत. ताशी १० किलोमीटरने जाणारी फोर्कलिफ्ट एवढं अंतर सेकंदाच्या पन्नासाव्या भागात कापते. जागचा सेन्सर वाईट जागी लागला तर आपण त्याला चार बोटं सरकवून बसवतो. फोर्कलिफ्टला कुठे सरकवणार?

यावर चांगला उपाय म्हणजे चॅनेल बदलत राहणं. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये ८०२.१५.४ ला १६ चॅनेल मिळतात. लहरीची लांबी किंचित बदलली की वाईट जागाही बदलते, त्यामुळे एका चॅनेलवर फसलेला निरोप दुसऱ्यावर जाण्याची आशा असते. ऑफिसच्या वायफायचा गोंगाटही असाच टाळता येतो. वायफाय १, ६ आणि ११ या नेहमीच्या चॅनेलवर असेल तर ८०२.१५.४ चे १५, २०, २५ आणि २६ हे चॅनेल त्यांच्या फटीत सापडतात. वायरलेसहार्ट या औद्योगिक पद्धतीत बोलण्यासाठी १० मिलिसेकंदांचे ठरलेले स्लॉट, म्हणजे वेळेचे तुकडे असतात आणि चॅनेल सतत बदलतो. २०१० मध्ये तिला आयईसी ६२५९१ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. जागच्या सेन्सरसाठी ती उत्तम आहे.

जागच्या सेन्सरसाठी. आता आपल्या ट्रॉलीकडे येऊ.

मार्ग म्हणजे आठवण

जाळ्यातला प्रत्येक नोड एक छोटी नोंद ठेवतो: गेटवेकडे जायचं तर निरोप अमक्याच्या हाती द्यावा. ही नोंद आत्ताची नसते. मघाशी, कालपर्यंत किंवा सरासरीने काय चालत होतं त्याची ती आठवण असते. खांबावरच्या नोडची कालची आठवण आजही खरी असते. ट्रॉलीची दहा सेकंदांपूर्वीची आठवण शिळी असू शकते. मार्ग शोधणं फार अवघड नाही. शोधलेला मार्ग शिळा झालाय हे कळायला लागणारा वेळ, तो अर्धा मिनिट खातो.

आमच्याकडे जाळं आरपीएल नावाच्या पद्धतीने चालायचं. २०१२ मध्ये इंटरनेटच्या मानकांत ती आली आणि कमी ताकदीच्या जाळ्यांत आजही बरीच वापरली जाते. कल्पना साधी आहे. गेटवे ही झाडाची मुळी. प्रत्येक नोड जाहीर करतो, ‘मी मुळीपासून इतका लांब आहे.’ ते ऐकून बाकीचे आपला ‘पालक’ निवडतात, म्हणजे निरोप ज्याच्या हाती द्यायचा तो शेजारी. लांबी मीटरमध्ये मोजत नाहीत. निरोप पोचवायला सरासरी किती वेळा पाठवावा लागतो त्यावर ती मोजतात. पहिल्या झटक्यात गेला तर एक, दोनदा पाठवावा लागला तर दोन.

ही जाहिरात किती वेळाने करायची, यात आरपीएलची हुशारी आहे. सगळं स्थिर असेल तर दोन घोषणांमधलं अंतर दुप्पट, परत दुप्पट, असं वाढत जातं. मूळ दस्तऐवजातल्या ठरावीक आकड्यांप्रमाणे ते ८ मिलिसेकंदांपासून सुरू होऊन पार २.३ तासांपर्यंत ताणलं जाऊ शकतं. बॅटरी वाचवायला याहून चांगलं काही नाही. पण हिशोब करा: ताशी १० किलोमीटरच्या फोर्कलिफ्टला सीबीएसवरून सोडली, तर दोन घोषणांच्या मध्ये ती तेवीसेक किलोमीटर जाऊन ओझरच्या आसपास पोचेल. प्रत्यक्षात अंतर एवढं ताणलेलं ठेवत नाहीत, काही मिनिटांवर आणतात. काही मिनिटं म्हटली तरी ट्रॉली तेवढ्या वेळात सगळा शॉप फिरून येते.

आता घाट संपल्यावर काय व्हायचं ते पाहा. ट्रॉलीच्या आठवणीत पालक म्हणून गल्लीच्या अलीकडचा नोड होता. ती निरोप त्यालाच पाठवायची. पोचपावती नाही, परत पाठव, पावती नाही. पण तिचं मोजमाप सरासरीचं. तासभर हा पालक चांगला वागला होता, मग चार-दोन निरोप हुकले म्हणून सरासरी लगेच कशी ढासळेल? वर पालक सारखा बदलू नये म्हणून एक उंबरठाही घातलेला असतो. प्रचलित नियमात नवा मार्ग जुन्यापेक्षा साधारण दीड वेळा पाठवण्याइतका स्वस्त ठरल्याशिवाय पालक बदलत नाहीत. जागच्या नोडसाठी हे शहाणपण आहे, नाहीतर दोन सारख्या शेजाऱ्यांमध्ये तो दिवसभर झोके घेत बसेल. ट्रॉलीच्या बाबतीत मात्र हे माहेर न सोडणाऱ्या सुनेसारखं झालं. समोर तीन धडधाकट शेजारी उभे आणि ही मागच्यालाच हाका मारतेय.

‘मग ट्रॉलीने स्वतःच विचारावं ना, आसपास कोण आहे म्हणून!’ ते विचारता येतं, तशी सोय आरपीएलमध्ये आहे. पण सगळ्यांना उद्देशून विचारलं की ऐकणारा प्रत्येक नोड आपलं घोषणेचं घड्याळ परत शून्यावर आणतो आणि भराभर बोलायला लागतो. एक ट्रॉली असेल तर चालेल. सहा फोर्कलिफ्ट, दोन क्रेन आणि दहा ट्रॉल्या सतत विचारत राहिल्या तर जाळं कधी शांतच होणार नाही आणि वर्षांची बॅटरी महिन्यांत बसेल. आणि ऐकणं फुकट असतं असा गैरसमज नको. या वर्गातल्या सीसी२४२० या जुन्या, प्रसिद्ध चिपला निरोप पाठवायला १७.४ मिलिअँपिअर लागायचे आणि ऐकायला १८.८.

आमची दुसरी चूक तर हसण्यासारखी होती. ट्रॉलीवरचा नोड बसवताना त्याची सेटिंग बदललीच नव्हती, त्यामुळे तोही खांबावरच्या नोडसारखा इतरांचे निरोप पुढे न्यायला तयार असायचा. रात्री ट्रॉली चार्जिंगला एका प्रेसशेजारी उभी राहायची. प्रेसवरच्या सेन्सरला वाटायचं, वा, काय दणकट शेजारी मिळालाय! आणि तो तिला पालक करायचा. सकाळी पहिल्या शिफ्टला ट्रॉली निघाली की जागचा न हललेला प्रेसही पडद्यावरून गायब. आम्ही दोन आठवडे प्रेसच्या सेन्सरची बॅटरी बदलत होतो. याहून वाईट प्रकारही होतो. पालक झालेली ट्रॉली आपल्याच लेकराला पालक मानते आणि निरोप दोघांत गोल फिरत बसतो. असं फिरणं ओळखायची खूण आरपीएलच्या निरोपात असते, पण ओळखून दुरुस्त करेपर्यंत वेळ जातोच.

उलट दिशा तर आणखी नाजूक. वरून ट्रॉलीला ‘थांब’ म्हणायचं असेल तर ती कुठे आहे ते जाळ्याला ठाऊक हवं. पुन्हा डब्याचीच गोष्ट. मुलाने खोली बदलली आणि घरी कळवलं नाही, तर डबा जुन्या खोलीवर जातो आणि तिथला रूममेट तो खातो. आरपीएलमध्ये याच्या दोन तऱ्हा आहेत. एकात वाटेवरचा प्रत्येक नोड पत्ता लक्षात ठेवतो. दुसऱ्यात फक्त मुळी लक्षात ठेवते आणि सगळी वाट निरोपावरच लिहून देते. हलणाऱ्यांसाठी मला दुसरी बरी वाटते, कारण पत्ता बदलला की एकाच वहीत खाडाखोड करायची. पहिल्या तऱ्हेत वाटेवरच्या जुन्या नोंदी पुसायच्या राहून जातात. हे दुखणं इतकं खरं होतं की त्या नोंदी नीट पुसण्यासाठी २०२१ मध्ये आरएफसी ९००९ नावाचं वेगळं मानक काढावं लागलं.

वायरलेसहार्टमध्ये हा ताप एका मध्यवर्ती व्यवस्थापकाकडे असतो. तो सगळ्या जाळ्याचा नकाशा बघतो, प्रत्येकाला शक्यतो दोन तरी पुढचे शेजारी देतो आणि कुणी कुठल्या स्लॉटमध्ये बोलायचं हे वाटून देतो. पण शेजारी बदलल्याची बातमी त्याच्यापर्यंत जायला हवी, त्याने नवं वेळापत्रक करायला हवं आणि ते परत खाली पोचायला हवं. तोवर ट्रॉली तिसऱ्याच खांबापाशी असते.

कमी लक्षात ठेवा

आठवण शिळी होते म्हटल्यावर पहिला विचार येतो तो ती वारंवार ताजी करण्याचा. त्याची किंमत आपण वर पाहिली. माझ्या मते खरी सुटका उलट दिशेला आहे: हलणाऱ्याबद्दल जाळ्याने जितकं कमी लक्षात ठेवावं तितकं बरं.

सुरुवात फुकटच्या दुरुस्तीने. हलणारा नोड नेहमी पान असावा, फांदी नव्हे. स्वतःचं बोलावं, दुसऱ्याचे निरोप वाहू नयेत. आम्ही ही एक सेटिंग बदलली आणि प्रेस परत कधी गायब झाला नाही.

मग ओझं खांबांवर टाकायचं. कारखान्यात खांबावर, पॅनेलमध्ये, छताच्या हायबे दिव्यापाशी वीज असते. तिथल्या नोडला बॅटरीची चिंता नाही, तो चोवीस तास कान उघडे ठेवू शकतो. बॅटरी वाचवायची आहे ती ट्रॉलीवरच्या नोडची. असं असताना दोघांना एकच नियम लावणं हा कंजूषपणा चुकीच्या ठिकाणी केल्यासारखा आहे.

कान उघडे असतील तर पुढची पायरी सोपी होते: ट्रॉलीने कुणाचं नाव घेऊन निरोप द्यायचाच नाही. ‘जो ऐकेल त्याने घ्या.’ तीन खांबांनी ऐकलं तर तिघांनी पुढे पाठवावं. निरोपावर क्रमांक असतो, गेटवे जादाच्या दोन प्रती टाकून देतो. इथे पालकच नाही, म्हणून पालक बदलायचाही प्रश्न नाही. लोरावॅन ही लांब पल्ल्याची पद्धत नेमकी अशीच चालते. तिथलं उपकरण एका गेटवेशी बांधलेलं नसतं. ज्यांना ऐकू आलं ते सगळे गेटवे निरोप सर्व्हरला देतात आणि सर्व्हर प्रती गाळतो. शिवाय मघाचं ‘नशीब वेगळं’ इथे खरं होतं. एक खांब रॅकच्या आड असेल, पण तीन वेगवेगळ्या दिशांचे खांब एकाच वेळी आड जाणं अवघड. मात्र तिन्ही एकाच भिंतीवर ओळीने लावले तर ते तीन नाहीत, एकच आहे. आमचे ते तसेच होते.

सर्वांत टोकाचा उपाय म्हणजे मार्ग ही गोष्टच सोडून देणं. झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये ग्लॉसी नावाची पद्धत मांडली. एकाने निरोप सोडला की ज्यांना तो मिळाला ते सगळे तोच निरोप त्याच क्षणी पुढे ओरडतात. एकदम बोलले तर गोंधळ होईल असं वाटतं, पण शब्द तोच आणि वेळ अचूक जुळलेली असेल तर गोंधळ होत नाही. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते तेव्हा शेकडो टाळ एकदम वाजतात आणि कानाला एकच ठोका ऐकू येतो. एक दिंडी जरा मागे पडली की खळखळाट होतो. इथे ‘जरा’ म्हणजे अर्धा मायक्रोसेकंद, त्याच्या आत सगळ्यांनी जुळायला हवं. ते साधलं की निरोप काही मिलिसेकंदांत सगळ्या जाळ्यात पसरतो आणि ट्रॉली कुठे आहे हे कुणालाच माहीत असायची गरज उरत नाही. अडचण एवढीच की एका सेन्सरच्या एका आकड्यासाठी सगळं गाव जागं होतं. थोडे आणि महत्त्वाचे निरोप असतील तिथे शोभतं. शेकडो सेन्सर दर सेकंदाला बोलणार असतील तर नाही.

इथे एक गोष्ट नियम म्हणून सांगतो. ट्रॉलीसमोर माणूस आला तर तिने थांबायचं, हे काम कुठल्याही राउटिंगवर सोपवू नका. तो सेन्सर आणि तो ब्रेक ट्रॉलीवरच हवा, आणि ठरलेल्या वेळात वरून निरोप आला नाही तर तिने आपणहून थांबायला हवं. मोटरच्या तापमानाचं उलट आहे. घाटातला आकडा ट्रॉलीने साठवून ठेवला आणि बाहेर आल्यावर एकदम दिला तर कुणाचंही बिघडत नाही. कुठला निरोप किती उशिरा चालेल हे आधी कागदावर लिहिलं, तर निम्मे वाद मिटतात.

९९ टक्के म्हणजे किती?

पुरवठादार सांगतो, आमचं जाळं ९९ टक्के निरोप पोचवतं. दर सेकंदाला एक म्हणजे तासाला ३,६०० निरोप. त्यातले ३६ हरवणार. दर शंभर सेकंदांना एक असा विखरून हरवला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण ते ३६ एकामागोमाग हरवले, तर सेकंदाला एक मीटरने जाणारी ट्रॉली ३६ मीटर बेपत्ता असते. अहवालात दोन्हींचा आकडा तोच, ९९. म्हणून हलणाऱ्या यंत्राच्या जाळ्याबद्दल मी सरासरी विचारत नाही. सगळ्यात लांब खंड किती सेकंदांचा होता आणि तो कुठे पडला, हे विचारतो. हा आकडा देणारे पुरवठादार कमी भेटतात.

आणि मोजायचं कधी, तेही महत्त्वाचं. आमच्याकडची मूळ मोजणी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी झाली होती. शॉप रिकामा, क्रेन उभी, बिन निम्मे मोकळे. सिग्नल सगळीकडे झकास आला, नकाशा हिरवागार. मोजणी करायची ती रॅक खचाखच भरलेले असताना, क्रेन चालू असताना, ट्रॉलीवर खरा माल लादून. कारण कास्टिंगचा ढीग अँटेनाच्या शेजारीच येऊन बसतो.

शेवटी आम्ही गल्लीच्या दोन्ही तोंडांशी, समोरासमोरच्या भिंतींवर आणि वेगळ्या उंचीवर दोन नोड लावले, दोन्हींना हायबेच्या लाईनवरून वीज दिली, ट्रॉलीला पान केलं आणि पालकाचा उंबरठा उतरवला. खंड सेकंद-दोन सेकंदांवर आला. बरेच दिवस कुणाचा फोन नाही. मग स्टोअरवाल्यांनी मशीन शॉपच्या दाराशी तिसरा रॅक उभा केला, आम्हाला न सांगता. दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टलाच फोन वाजला.

“साहेब, घाट पुढे सरकलाय.”